गजू गुन्ह्याकडे का वळतो? एका वऱ्हाडी व्हिडिओ गेमचे प्रकरण

पार्श्वभूमी

चार जणांचा एक छोटा गट मोबाइलसाठी कथाप्रधान गेम करत होता. नायक गजानन ऊर्फ गजू, वय २४, बी.ए. झालेला. घरी पाच एकर कोरडवाहू शेती. गाव वर्धा नदीच्या काठावर, यवतमाळ जिल्ह्याच्या बाजूला. गावाचे, गेमचे आणि गटाचे नाव इथे दिलेले नाही. गजू हे नावही बदललेले आहे.

जागा विचार करून निवडली होती. नदीपलीकडच्या वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, नदीच्या अलीकडे, यवतमाळच्या बाजूला, मात्र दुकाने उघडी. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. त्यामुळे सीमेवरच्या गावांत चोरट्या दारूची रात्रीची खेप ही काही ऐकीव गोष्ट नसते. खेपा कोण मारतो, हे पोळ्याला कोणाच्या बैलाची झूल नवी आहे त्यावरून कळते.

गेम साधारण तीन तासांचा, दोन खरीप हंगामांचा. पहिल्या मसुद्यात कथा अशी होती: सुरुवातीलाच वडील आत्महत्या करतात. तेरवीच्या दिवशी सावकाराचा माणूस दारात येऊन अपमान करतो. गजू कट्टा मिळवतो, त्याला गोळी घालतो आणि ८ लाखांचे कर्ज फेडण्यासाठी दारूच्या धंद्यात उतरतो. एका खेपेचे ५०,००० रुपये. शेवटी पोलिसाशी चकमक.

अडचण

नमुना नदीकाठच्या दोन-तीन गावांत आणि पुण्यात खेळायला दिला. शहरातल्या खेळाडूंना सुरुवात ‘जबरदस्त’ वाटली. गावातल्यांचा मात्र पहिल्या दहा मिनिटांतच विश्वास उडाला.

त्यांचे आक्षेप नेमके होते. तेरवीला घर पाहुण्यांनी भरलेले असते, त्या गर्दीत पोरगा कट्टा आणतो कुठून? आणि ज्या घरात असा मृत्यू होतो ते घर पुढचे कित्येक महिने कागदात अडकलेले असते. पंचनामा, तलाठ्याचा अहवाल, मग प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ याची जिल्हास्तरीय समितीपुढची वाट. पात्र ठरले तर सरकारची एक लाखाची मदत: ३०,००० हातात आणि ७०,००० ठेवीत. त्या मुलाकडे सूड घ्यायला वेळ नसतो, तो झेरॉक्सच्या दुकानात उभा असतो.

पैशांच्या आकड्यांवर तर हसूच आले. एका पेटीत १८० मिलीचे ४८ पव्वे. दोन पेट्या नेल्याबद्दल ५०,००० म्हणजे पव्व्यामागे पाचशेच्या वर नुसती मजुरी. “एवढी मजुरी देणारा शेठ असन तं आमाले बी सांगा,” असे एकाने लिहून दिले.

पहिल्या चाचणीनंतर गटाची समजूत होती की दुःख कमी पडले. दुसऱ्या चाचणीत चित्र वेगळे दिसले. प्रत्येक गुन्ह्याच्या दृश्यानंतर खेळ थांबवून एकच प्रश्न विचारला गेला: “गजूनं हे काहून केलं?” उत्तर खेळाडूच्याच शब्दांत टिपले. जवळजवळ सगळ्यांनी दृश्यातला संवाद जसाच्या तसा परत म्हणून दाखवला, “बापाचा बदला घ्याले.” म्हणजे कारण ऐकू आले होते, पटले नव्हते. कारण पटते तेव्हा खेळाडू ‘त्यानं’ सोडून ‘म्या’वर येतो: “म्या तरी काय केलं असतं?” पुढच्या सगळ्या चाचण्यांत गटाने हाच निकष ठेवला. मोजायला सोपा आणि फसवायला कठीण.

हिशेब मांडल्यावर काय दिसले

गटाने कथा बाजूला ठेवली आणि गजूच्या घराचा एका हंगामाचा जमाखर्च मांडला. यातले बियाण्याचे, खतांचे आणि हमीभावाचे दर २०२४च्या खरिपाचे, बाकीचे गेमसाठी धरलेले.

कपाशीच्या बीटी बियाण्याची १० पाकिटे, प्रत्येकी ८६४ रुपये: ८,६४०. डीएपीच्या ५ बॅगा १,३५० प्रमाणे आणि युरियाच्या १० बॅगा २६६.५० प्रमाणे: ९,४१५. नांगरणी, वखरणी, टोबणी मिळून १७,५००. डवरणी आणि दोन निंदणी २५,०००. फवारणी १७,५००. एकरी ४ क्विंटल धरून २० क्विंटल कापूस, वेचणी किलोला १० रुपये: २०,०००. वाहतूक-बारदाना ५,०००. एकूण १,०३,०५५.

खासगी व्यापाऱ्याचा भाव ६,९०० धरला तर हातात १,३८,०००. उरले ३४,९४५. सावकाराचे मुद्दल ६०,०००, व्याज शेकडा ५ महिन्याला. जून ते डिसेंबर सात महिन्यांचे २१,०००. शिल्लक १३,९४५, आणि मुद्दल जिथल्या तिथे. तूर घरच्या डाळीपुरती.

इथेच गाडी रुळावर आली. पाऊस बरा, बोंडअळी नाही, कोणी आजारी नाही, अशा चांगल्या वर्षातही घर वर येत नाही. मग वडिलांना मारायची गरजच उरत नाही. एका मृत्यूने न पटलेली गोष्ट या २१,००० रुपयांनी पटते, कारण ते खेळाडूच्या डोळ्यांदेखत दर महिन्याला ३,०००ने वाढतात. ८ लाखांचे कर्ज उलट नुकसान करत होते. एवढ्या रकमेपुढे मजुरी, कापूस, खेप सगळेच क्षुल्लक ठरते आणि खेळाडू हिशेब करणे सोडून देतो.

पर्याय

चार पर्याय टेबलावर होते.

पहिला, दुःख वाढवणे: बहिणीचे लग्न मोडते, आई आजारी पडते. चित्रपटाच्या सवयीतून आलेला हा मार्ग फार काळ टिकला नाही. शिवाय विदर्भातल्या आत्महत्येचा वापर कथेचे इंजिन सुरू करणारी चावी म्हणून करणे गटातल्या दोघांना मुळातच खटकत होते. ज्यांच्या घरात हे घडले आहे तेही हा गेम खेळणार होते.

दुसरा, गुन्हा ऐच्छिक ठेवणे, केला तर केला. यात कारणाची जबाबदारीच झटकली जाते. खेळाडू गंमत म्हणून खेप मारतो आणि कथा त्याला अपराधी म्हणत राहते.

तिसरा, कोणतेही समर्थन न देता गजूला सरळ लोभी दाखवणे. हा पर्याय दिसतो त्यापेक्षा दमदार आहे. पैसा, गाडी, चौकातला मान एवढे कारण खऱ्या आयुष्यात पुरते. पण सुरुवातीपासून असे केले तर शेती हे नुसते पार्श्वचित्र होते.

चौथा, पायऱ्या. सरळ मार्गाचे प्रत्येक दार खेळाडूने स्वतः ठोठवायचे, ते का उघडत नाही ते पाहायचे, आणि पहिला गुन्हा इतका लहान की गावही त्याला गुन्हा म्हणणार नाही.

निर्णय चौथ्याचा झाला. मध्यापासून पुढे मात्र तिसरा पर्याय हळूच आत येईल, असे ठरले.

जुन्या गेममध्ये याचे दाखले होते. २००२च्या ‘माफिया’मध्ये टॉमी हा टॅक्सीचालक. दोन गुंड बंदुकीच्या धाकाने त्याच्या गाडीत बसतात आणि नंतर तो प्रवासी वाहण्याचे आपले रोजचे काम करतो. ते काम खेळाडूलाही करावे लागते. शत्रू येऊन टॅक्सी फोडतात तेव्हा फुटते ती खेळाडूने चालवलेली गाडी. २०१३च्या ‘पेपर्स, प्लीज’मध्ये सीमेवरचा तपासनीस दिवसअखेर घरभाडे, अन्न, ऊब, औषध यांचा हिशेब लावतो. लाच घ्यायची की नाही हा प्रश्न त्या चार ओळींतून आपोआप उभा राहतो, भाषण लागत नाही.

काय केले

आधी दारांची यादी झाली. नियम एकच: जे दार गावातल्या माणसाला पहिल्यांदा आठवेल ते गेममध्ये असलेच पाहिजे. लेखकाच्या सोयीसाठी एकही लपवायचे नाही.

बँक: महाराष्ट्रात वेळेवर फेडणाऱ्याला ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज बिनव्याजी पडते. मग सावकार कशाला, हा प्रश्न येणारच. गजूच्या वडिलांचे खाते थकीत आहे, म्हणून नवे कर्ज नाही. हे सांगितले जात नाही. खेळाडू रांगेत उभा राहतो, सातबारा देतो आणि खिडकीवर ऐकतो.

हमीभाव: लांब धाग्याला ७,५२१, म्हणजे २० क्विंटलवर १२,४२० रुपये जास्त. पण सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ओलावा ८ ते १२ टक्क्यांत लागतो आणि पहिल्या वेच्याचा कापूस दवाने ओला असतो. मापकावर १५ दिसले की गाडी मागे. वाळवून पुन्हा आणायचा तर भाडे दोनदा. शिवाय पैसे खात्यात येणार, खाते त्याच थकीत कर्जाच्या बँकेत. तिथे ते अडकतील ही वडिलांची धास्ती.

तक्रार: हे दार सर्वात अवघड गेले. राज्यात २०१४चा सावकारी कायदा आहे. विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, आणि बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे जाता येते. पहिल्या मसुद्यात हे दारच नव्हते. नव्या आवृत्तीत सावकारालाच कृषी केंद्राचा मालक केले. तो बियाणे उधार देतो, वडिलांशी बसून चहा पितो, गजू त्याला ‘काका’ म्हणतो. तक्रार केली तर पुढच्या जूनमध्ये उधारी कोण देणार? वडील एवढेच म्हणतात, “गावात राहाचं हाय बावा आपल्याले.”

इथे गटात भांडण झाले. एकाचे म्हणणे, दार बंदच दाखवा. दुसऱ्याचे म्हणणे, खेळाडूने हट्टाने तक्रार केली तर ती चालली पाहिजे. शेवटी दुसरे मान्य झाले. तक्रार केली तर धाड पडते, कोरे धनादेश आणि खरेदीखते सापडतात, सुनावणी लांबते, उधारी तुटते, एक हंगाम फार जड जातो, आणि गेम चाळीसेक मिनिटांत प्रामाणिकपणे संपतो. फार थोडे खेळाडू तिकडे गेले. पण तो मार्ग आहे हे कळल्यावर बाकीच्यांना आपण केलेली निवड आपली वाटू लागली.

पहिली पायरी म्हणून दारू न ठेवता ‘चोर बीटी’ ठेवली: तणनाशकाला दाद न देणारे, केंद्र सरकारची मंजुरी नसलेले कपाशीचे बियाणे. विकणे आणि साठवणे बेकायदा, तरी शेतकरी ते शोधत फिरतो, कारण निंदणीचा खर्च वाचतो. वरच्या हिशेबातले २५,००० आठवा. २०१९च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेने हेच बियाणे जाहीरपणे पेरून आंदोलन केले होते. जे लोक उघड पेरतात ते पोचवून देणे गजूला गुन्हा वाटेल कसा? काका म्हणतात, “अबे गजू, येवढे सहा पाकिटं टाकून ये ना बाप्पा त्या गावाले.” बदल्यात स्वतःच्या बियाण्याची उधारी. खेळाडू सायकल काढतो आणि ती रेषा ओलांडली हे त्याच्या लक्षातही येत नाही.

बचत गटाचे विसरलेले दार

तिसऱ्या चाचणीत गावातल्या काही बायका खेळायला बसल्या. पहिला प्रश्न आला: “याच्या मायनं गटातून पैसे काहून नाही उचलले?”

चारही लेखक पुरुष. गावात दर महिन्याला सभा भरवणारा, आपसात कर्ज देणारा महिला बचत गट त्यांच्या यादीतच नव्हता. आई नुसती चुलीपुढे बसून रडत होती. ही चूक लहान नव्हती, कारण बचत गटाचे कर्ज खरोखर मिळते. हे दार बंद आहे असे दाखवणे खोटे ठरले असते.

मग ते उघडेच ठेवले, आणि कथा सुधारली ती त्यामुळे. आई बचत गटाची अध्यक्ष. ती १०,००० उचलते, व्याज महिन्याला शेकडा २. पहिला हप्ता १,००० अधिक २०० व्याज, दहा तारखेच्या सभेत भरायचा. निंदणीचा जोर, पाऊस लांबलेला, हातात रोख नाही. सभेत प्रत्येकीचा हप्ता मोठ्याने वाचला जातो. अध्यक्षेचाच हप्ता थकला तर?

गजूची पहिली दारूची खेप या १,२०० रुपयांसाठी होते. खेपेचे ५००, दिवसाची मजुरी गेममध्ये ३५०. तीन खेपा मारल्या की हप्ता निघतो. घरात भूक आहे म्हणून हे होत नाही. चारचौघींत मायची मान खाली जाऊ नये, एवढ्यासाठी होते. या दृश्यानंतरच्या प्रश्नाला ‘म्या’ने सुरू होणारी उत्तरे पहिल्यांदा भरभरून आली.

पैसा साठू लागतो तेव्हा

गुन्हेगारी गेमचा खरा घोळ पुढे होतो. २००८च्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’मध्ये निको बेलिक नव्या देशात येतो, चुलतभाऊ रोमन कर्जात बुडालेला असतो. सुरुवात पटते. नंतर खेळाडूच्या खात्यात लाखो डॉलर साठतात, खर्च करायला फारसे काही नसते, आणि निको मात्र पैशासाठी कामे घेतच राहतो.

गजूचेही तेच झाले. दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला कर्ज फिटत होते आणि तरी कथा त्याला नदीकडे ढकलत होती. गटाने आकडे आवळून पाहिले, खेपेचे दर कमी केले. त्याने खेळ कंटाळवाणा झाला, बाकी काही नाही.

उपाय निघाला तो कर्ज फिटू देण्याचा. काका कागद फाडतात आणि विचारतात, “आता काय करतं?” इथे थांबता येते. पण तोवर गजूने हप्त्यावर मोटारसायकल घेतलेली असते, महिन्याला ३,२००. खेपेसाठीच घेतलेली. शेतीतून हा हप्ता निघत नाही, खेपेतून सहज निघतो. चौकात त्याच्या चहाचे पैसे आता कोणी घेत नाही. तिसरा पर्याय इथे आत आला: गरज संपली, सवय आणि मान उरले. गावातल्या खेळाडूंना यात काहीच खटकले नाही. शहरातल्या काहींना नायक ‘बिघडला’ असे वाटले. तो बिघडायलाच हवा होता.

शेवटची पायरी मूळ मसुद्यात पोलिसावर गोळीबार होती. ती काढून वसुली ठेवली: पोळ्याच्या आधी, थकलेल्या देण्यापोटी शेजाऱ्याची बैलजोडी सोडून आणायची. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ या गेममध्ये आर्थर मॉर्गन टोळीच्या सावकारीची वसुली करत फिरतो, तीच जातकुळी. बंदूक नाही. गोठ्यात जाऊन दावे सोडायचे, त्यासाठी बटण चार सेकंद दाबून धरायचे. या चार सेकंदांवर बराच खल झाला. दोन सेकंदांत हात आपोआप काम करून मोकळा होतो, सहात खेळाडूला फोन अडकल्यासारखा वाटतो.

संवादांकडेही पुन्हा पाहिले. पहिल्या मसुद्यात गजू हिंदी चित्रपटातल्या गुंडाच्या थाटात बोलत होता, ते सगळे वऱ्हाडीत उतरवले. एक तांत्रिक बाब: गेम ज्यावर बनवला त्या गोडो या सॉफ्टवेअरच्या जुन्या, तिसऱ्या आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरे फुटत, त्यामुळे गोडो ४ वर जावे लागले. ‘ज्ञानेश्वर’ नावाचे पात्र त्याआधी केवळ याच कारणाने कापले गेले होते.

निष्पत्ती

शेवटच्या चाचणीत चोर बीटी, पहिली खेप आणि मोटारसायकल या तिन्ही ठिकाणी गावातल्या खेळाडूंना कारण विचारावे लागले नाही, ते आपणहून वाद घालू लागले. बैलजोडीपाशी काहींनी फोन खाली ठेवला आणि परत उचलला नाही. गटाने ते दोष न मानता तसेच राहू दिले. तक्रारीच्या मार्गाने गेलेल्यांची मात्र रास्त नाराजी राहिली. पूर्ण पैसे मोजून त्यांना छोटा गेम मिळतो.

वेगळे काय करता आले असते

पुण्याचे दार नीट बंद झाले नाही. शहरातल्या जवळजवळ प्रत्येकाने विचारले की गजू चाकणला कंपनीत का जात नाही. गटाने त्याला मित्राचा एक फोन आणि “मायले कोण पाह्यन” एवढे उत्तर दिले, ते तोकडे आहे. गेमची सुरुवातच गजूच्या परतीपासून करायला हवी होती: कंत्राट संपले, कामात सक्तीचा खंड पडला, खोलीचे भाडे देऊन हातात काही उरले नाही म्हणून तो गावात उतरतो. बंद दार दाखवण्यापेक्षा त्यातून जाऊन परत आलेला माणूस दाखवणे स्वस्त पडते, एका दृश्यात काम होते.

घराचा हिशेब कथेच्या आधी मांडला असता तर पहिला मसुदा लिहावाच लागला नसता. आणि चाचणीला बायका तिसऱ्या फेरीत आल्या, त्या पहिल्या फेरीत हव्या होत्या. त्या आल्यावर आईचे पात्र बदलले, पण बहीण अजूनही दोन दृश्यांत चहा देऊन निघून जाते. मोटारसायकलचे पैसे कुठून आले हे त्या घरात सर्वात आधी तिलाच कळले असणार. पुढच्या आवृत्तीसाठी तिचे दृश्य लिहायला घेतले आहे. त्यात ती गजूला काही विचारत नाही, फक्त आईची बचत गटाची वही आणून हप्त्याच्या तारखा आणि त्याच्या रात्री बाहेर असण्याच्या तारखा शेजारी शेजारी लिहिते. ते दृश्य पहिल्या हंगामात ठेवायचे की कर्ज फिटल्यावर, यावर गटाचे अजून एकमत नाही. आधी ठेवले तर खेळाडू सावध होतो, नंतर ठेवले तर तिचे बोलणे उशिराचे ठरते.